गाडी बसली, तुम्हीही बसा

यवतमाळच्या बसस्थानक चौकात एक कप चहा संपेपर्यंत उभं राहिलं, की जुन्या मोठ्या गाड्यांचे दोन पंथ ध्यानात येतात. पहिल्या पंथातल्या गाडीचं नाक आकाशाकडे आणि बूड रस्त्याकडे असतं. दुसऱ्या पंथातल्या गाडीचं बूड आकाशाकडे आणि नाक रस्त्याकडे. पहिलीचे मागचे पाटे, म्हणजे वजन उचलणाऱ्या पोलादी पट्ट्या, बसलेले असतात, दुसरीचे नुकतेच करून आणलेले असतात. जमिनीला समांतर उभी असलेली, दहा-पंधरा वर्षं वापरलेली, एमएच-२९ पाटीची गाडी पाहायची असेल तर ती फक्त विक्रीच्या जाहिरातीत मिळते, कारण फोटो काढणाऱ्याने मोबाईल तिरपा धरलेला असतो.

पाटे एका रात्रीत बसत नाहीत. केस पांढरे व्हावेत तसे हळूहळू बसतात, आणि मालक रोजच बघत असल्यामुळे त्याला सगळ्यांत शेवटी कळतं. त्याच्या आधी समोरून येणाऱ्या ट्रकवाल्याला कळतं. रात्री आर्णी रोडने जाताना तो डिप्पर मारतो. आपण लाईट खाली घेतो. तो पुन्हा मारतो. आपण म्हणतो, घेतला ना बाबा खाली! पण मागून बसलेल्या गाडीचा खालचा लाईट हा बाकीच्यांचा वरचा लाईट असतो. तो रस्त्यावर पडतच नाही, कडुनिंबाच्या शेंड्यावर झोपलेल्या पाखरांवर पडतो. मग दोघंही शेवटी पूर्ण वरचा लाईट देऊन, एकमेकांच्या वाडवडिलांची आठवण काढत एकमेकांजवळून निघून जातात.

दुसरी खबर गतिरोधक देतात. आपल्याकडे गावात एक कोंबडी मेली तरी दुसऱ्या दिवशी गतिरोधक उभा राहतो, आणि त्याची उंची सार्वजनिक बांधकाम खात्याच्या मापाने नव्हे, कोंबडीवाल्याच्या रागाच्या मापाने ठरते. त्यावरून पुढची चाकं सुखरूप उतरतात, मागची चढतात आणि मागच्या हुकाचा खर्रर्र असा आवाज येतो. आवाज आला की आतले सगळे एकदम म्हणतात, "काही नाही, लागलं थोडं." खाली उतरून कोणीच बघत नाही.

घरात या सगळ्या प्रकारावर खूश असलेलं एकच माणूस असतं, ते म्हणजे आजी. गाडी जसजशी खाली येते तसतसं तिला मागच्या दारातून चढणं सोपं जातं. "आता कशी चांगली झाली," असं ती म्हणते, तेव्हा पाट्यांची कमान जवळपास सरळ झालेली असते.

गाडी बसल्याचं एकदा जाहीर झालं की निदान करायला चौकात माणसांची कमी नाही. पहिला म्हणतो, "शॉकप गेले जी तुमचे." दुसरा म्हणतो, "मांगची हवा पाहा पहिले." तिसरा डिझेलची टाकी फुल्ल आहे का विचारतो. चौथा अनुभवी असतो. तो गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालतो, चाकावर लाथ मारतो आणि म्हणतो, "राहू द्या ना भाऊ, अशीच चांगली दिसून राह्यली. टिपेश्वरचा वाघ बसल्यावानी." मालकाला हे निदान सगळ्यांत आवडतं, कारण त्याला खर्च नसतो.

यातला शॉकपचा गैरसमज इतका खोल रुजलेला आहे की त्यावर कितीएक दुकानं चालतात. माणूस जातो, मागचे दोन्ही शॉकप बदलून आणतो, खिसा हलका करतो, गाडी सपाट जागेवर लावतो आणि लांबून बघतो, तर गाडी होती तिथेच. होणारच. शॉकप वजन उचलत नाही. वजन पाटे उचलतात. शॉकपचं काम एवढंच, की पाटा एकदा दबून वर आला की त्याने पुढे नाचत बसू नये. शॉकप काढून ठेवले तरी गाडीची उंची जवळपास तेवढीच राहील. फक्त एका खड्ड्यातली उडी पुढच्या खड्ड्यापर्यंत पुरेल. म्हणजे उड्या मारणाऱ्या गाडीचा शॉकप बघायचा आणि बसलेल्या गाडीचा पाटा बघायचा. पण पाटा खाली, अंधारात, चिखलाने माखलेला असतो. शॉकप मात्र नव्या रंगाच्या खोक्यात, कंपनीच्या स्टिकरसह काउंटरवर मिळतो. माणसाला चकचकीत वस्तू बदलल्याचं समाधान लागतं.

या जिल्ह्यात पाटेवाल्या गाड्या आल्या त्याही थाटात आल्या. गहुलीच्या वसंतराव नाईकांच्या समितीने शिफारस केली, १ मे १९६२ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या आणि गटविकास अधिकाऱ्याची जीप ही गावात येणारी मोठी बातमी झाली. त्या जीपला चारही बाजूंना पाटे. त्याआधी गावाला वाहन म्हणजे बंडी, आणि बंडीला पाटेच नाहीत, त्यामुळे ती बसण्याचा प्रश्न नव्हता. बसायचा तो माणसाचा मणका. पुढे काळी-पिवळी आली, १९९४ मध्ये सुमो आली, २००० मध्ये क्वालिस आणि बोलेरो, २००२ मध्ये स्कॉर्पिओ. नंतर स्कॉर्पिओच्या मागे पाट्यांऐवजी गोल स्प्रिंगा आल्या, तेव्हा तिच्या मालकाला वाटलं की आपण या भानगडीतून सुटलो. सुटला नाही. स्प्रिंगही बसते, फक्त ती बसताना जास्त श्रीमंत दिसते.

या गाड्यांचा प्रवासही ठरलेला असतो. पहिला मालक पुण्या-मुंबईचा. तो गाडीत एकटा बसतो आणि काचा वर ठेवतो. दुसरा नागपूरचा, तो सहकुटुंब फिरतो. तिसरा यवतमाळचा किंवा पुसदचा, आणि चौथा झरी-जामणीकडच्या एखाद्या गावचा. जसजशी गाडी राजधानीपासून दूर येते तसतशी तिच्यात माणसं वाढत जातात. पुण्यात दहा वर्षांत जेवढं वजन तिने पाहिलं नसतं तेवढं ती इकडे आल्यावर पहिल्या पोळ्याला बघते.

आता खरं कारण सांगतो. गाडीचे पाटे लोखंड कच्चं असल्यामुळे बसत नाहीत. ते आपल्याकडच्या एका वाक्यामुळे बसतात: "बसा ना जी, होऊन जाईल." आपला माणूस जमीन विकेल, पण रस्त्यात हात केलेल्या ओळखीच्या माणसाला 'जागा नाही' म्हणणार नाही. नऊ माणसांच्या गाडीत चौदा बसले आहेत, पंधरावा वडकीच्या फाट्यावर उभा आहे, आतल्या चौदांना श्वास घ्यायला पाळ्या लावाव्या लागत आहेत, तरी मालक ब्रेक मारतो. मग आतले सगळे एक एक इंच सरकतात, आणि चौदा इंचांत पंधरावा माणूस बसतो. ही कला इतर कुठे शिकवली जात असेल असं वाटत नाही.

त्यातही बसण्याचा शिष्टाचार आहे. पुढे मोठे काकाजी, कारण ते मोठे. त्यांच्या बाजूला जावई, कारण तो जावई. मधल्या सीटवर बायका आणि त्यांच्या मांडीवर पोरं, जी मोजायची नसतात. आणि सर्वांत मागे, आडव्या सीटवर, घरातले धट्टेकट्टे तरुण, शिवाय त्यांच्या पायाशी आणि डोक्यावर सामान. म्हणजे जे वजन मधे असायला हवं ते झाडून मागे. इथे गणित थोडं निर्दय आहे. मागच्या एक्सलच्याही मागे बसलेला माणूस आपलं स्वतःचं वजन तर टाकतोच, वर गाडीचं नाकही उचलून धरतो. पुढच्या-मागच्या चाकांत २.७ मीटर अंतर आहे आणि माणूस मागच्या एक्सलच्या ६० सेंटीमीटर मागे बसला आहे असं धरलं, तर ६० किलोचा माणूस मागच्या चाकांना ७३ किलोचा वाटतो. मेहुणा एवढा जड कधीच नसतो. त्याला जड आपण बसवतो.

वरच्या कॅरिअरवर काय असतं ते हंगामावर आहे. जूनमध्ये खत असतं. युरियाची गोणी ४५ किलोची झाली तेव्हा पाट्यांना थोडा दिलासा मिळाला असता, पण आपण पाच किलो कमी भरले म्हणून एक गोणी जास्त घेतली. दिवाळीनंतर सोयाबीन, मग कापूस, मग तूर. जानेवारीत रोडग्यांच्या पार्टीची भांडी आणि गोवऱ्या. उन्हाळ्यात लग्नं, आणि लग्नात आंदणाचं लोखंडी कपाट, जे टेम्पोत मावत नव्हतं म्हणून नव्हे, तर टेम्पोवाल्याने दोनशे रुपये जास्त मागितले म्हणून गाडीवर चढलं.

आणि हाच माणूस बाजार समितीत काय करतो ते पाहा. व्यापाऱ्याने क्विंटलमागे दोन किलो कडता धरला तर तो आंदोलनाला उभा राहतो, आणि बरोबरच करतो. जिनिंगच्या काट्यावर पाच किलो इकडे-तिकडे झाले तर काटा खोटा आहे हे त्याला डोळ्यांनी कळतं. पण पाच जादा माणसं म्हणजे तीन क्विंटल, हे त्याच्या लक्षात येत नाही. माणसं क्विंटलमध्ये मोजणं आपल्याकडे उद्धटपणाचं समजतात. मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीनंतर काळी-पिवळीसारख्या गाडीतल्या प्रत्येक जादा प्रवाशामागे २०० रुपये दंड आहे. तो आकारायचा तर आधी डोकी मोजावी लागतात, आणि आत हात घालून बघितल्याशिवाय कोणतं डोकं कोणाच्या मालकीचं हे ठरत नाही.

रस्त्यांनाही थोडा वाटा द्यायला हवा. आमची काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात भेगा पडून आक्रसते. तिच्यावर टाकलेला डांबरी रस्ता तिच्याबरोबर वरखाली होतो. वणीकडे तर कोळशाचे ट्रक उरलेलं काम करतात. पण रस्त्याला दोष देताना एक अडचण येते: त्याच रस्त्यावरून डॉक्टरांची एकटीदुकटी गाडी वर्षानुवर्षं जाते आणि तिचे पाटे शाबूत असतात.

पाटा ही वस्तू मुळात फार समजूतदार आहे. सिलिकॉन-मँगनीज असलेल्या पोलादाच्या पट्ट्या, एकाखाली एक, खाली खाली आखूड होत गेलेल्या, मधे एका सेंटर बोल्टने ओवलेल्या आणि यू-बोल्टने एक्सलला बांधलेल्या. सर्वांत वरचा मेन पाटा, ज्याच्या दोन्ही टोकांना डोळे. एक डोळा चेसीला, दुसरा शॅकलला, म्हणजे झुलत्या कडीला, कारण पाटा दबला की लांब होतो आणि त्याला सरकायला जागा लागते. इंग्लंडच्या रॉबर्ट हूकने १६७८ मध्ये लिहून ठेवलं की स्प्रिंगवर जेवढा भार टाकाल तेवढी ती दबते किंवा ताणते, दुप्पट भाराला दुप्पट, आणि भार काढला की ती परत जागेवर. पण हे एका मर्यादेपर्यंतच. मर्यादा ओलांडली की ती पूर्ण परत येत नाही, थोडी खालीच राहते. पुढच्या खेपेला आणखी थोडी. हूकने हा नियम लिहिला तेव्हा त्याच्यासमोर माहूरच्या यात्रेला निघालेलं कुटुंब नव्हतं, नाहीतर त्याने नियमाला आणखी एक कलम जोडलं असतं.

माहूर खरं तर नांदेड जिल्ह्यात, पैनगंगेपलीकडे. पण यवतमाळच्या गाड्यांचे पाटे तिथे जेवढे बसले तेवढे कुठेच बसले नसतील. देवीला जायचं म्हटलं की 'नाही' म्हणणं पाप. धनोड्यापर्यंत गाडी नेटाने जाते. नंतर घाट लागला की चढावर सगळं वजन मागे येतं, आणि आतले सगळे देवीचा गजर करतात. त्यात थोडा भाग भक्तीचा आणि बराच भाग ड्रायव्हरच्या चेहऱ्याचा असतो.

अशा यात्रेनंतर आमची गाडी मी मिस्त्रीकडे नेली. कंपनीचं नाव सांगत नाही. सगळ्याच कंपन्यांच्या गाड्या या वागणुकीला असंच उत्तर देतात. मिस्त्री म्हणजे आपल्याकडे डॉक्टरांपेक्षा वरचा माणूस, कारण तो पेशंटला उलटा टांगून बघू शकतो. त्याने गाडीखाली न बघता आधी मला विचारलं,

"काय वजन नेता भाऊ?"

"वजन कायचं? घरचीच माणसं असतात."

"घरची किती?"

याला मी "असतात चार-सहा" असं उत्तर दिलं. तो काही बोलला नाही. मागचं दार उघडलं, आडवी सीट वर केली आणि खाली हात घातला. एक एक वस्तू काढून तो बोनेटवर मांडू लागला. मूठभर सोयाबीन. सरकी. युरियाचे पांढरे मणी, ओले होऊन एकमेकांना चिकटलेले. हळदीत रंगलेल्या अक्षता. रोडग्याचा एक जळका तुकडा, जो दगड आहे की रोडगा हे त्याने दाताने नव्हे, पान्याने ठोकून ठरवलं. लहान मुलाची डाव्या पायाची एक चप्पल, जी आमच्या घरातल्या कोणत्याच मुलाची नव्हती. शेवटी त्याने कॅरिअरचे बोल्ट बोटाने हलवले, मागच्या दाराची बिजागरी बघितली आणि म्हणाला, "घरची माणसं युरिया खातात का जी?"

मग त्याने मापं घेतली. चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत, दोन्ही बाजूंनी, गाडी सपाटीवर, हवा बरोबर भरून. हे माप टेपने घ्यायचं असतं. मिस्त्रीची टेप हरवलेली असल्यामुळे त्याने वितीने आणि बोटांनी घेतलं. डावी बाजू उजवीपेक्षा दोन बोटं खाली. "या बाजूने रोज कोण बसते?" मी काकाजींचं नाव घेतलं नाही, पण तो बोटांकडे बघून काय ते समजला.

त्याने दिलेला सल्ला मात्र मला तरी नवा होता. म्हणाला, "पाटे मंग करू. पहिले गाडी काट्यावर न्या. रिकामी न्या, मंग नेहमी नेता तशी भरून न्या. मांगची चाकं तेवढी काट्यावर ठेवून बी पाहा. किती टाकता ते तुमचं तुम्हालेच समजू द्या."

रिकामी गाडी काट्यावर नेणं सोपं होतं. भरलेली नेताना घरात बैठक झाली. जिनिंगच्या काट्यावर आपलं वजन होणार हे कळल्यावर जी मंडळी लग्नाला न बोलावता येतात ती एकदम कामात निघाली. मावशी म्हणाल्या, "मी उतरून उभी राहते, माझं कायले पाहिजे." त्यांना समजावलं की काट्यावर एकटीचं वजन दिसत नाही, सगळ्यांचं मिळून दिसतं, तेव्हा त्या बसल्या, पण आकडा निघाल्यावर सर्वांत आधी त्यांनीच मामींकडे पाहिलं. ट्रॅक्टरच्या रांगेत मागे उभी राहून आमची गाडी काट्यावर चढली. काट्यावरच्या पोराने खिडकीतून मान काढून विचारलं, "कापूस हाये का?"

"नाही, पाहुणे हायेत."

"मंग कडता किती धरू?"

पावती हातात आली. पावतीवरच्या आकड्यातून रिकाम्या गाडीचा आकडा वजा करून काकाजींनी भागाकार केला आणि म्हणाले, "काटा खोटा आहे."

पावती बघून मिस्त्रीने उपाय सांगायला सुरुवात केली. एव्हाना शेजारची दुकानं बंद करून तिघेचौघे मिस्त्री जमले होते, आणि प्रत्येकाकडे स्वतःचा उपाय होता. एक म्हणाला, एक्सल आणि पाट्याच्या मधे लाकडाचा ठोकळा टाका, सागाचा, आपला जिल्हाच सागाचा. लाकूड दबतं, यू-बोल्ट सैल पडतो, मग एक्सल जागचं हलतं आणि गाडी सरळ रस्त्याने तिरकी चालायला लागते. शिवाय वनखात्याने त्या सागाचा वाहतूक परवाना मागितला तर काय दाखवायचं हा प्रश्न वेगळाच. दुसऱ्याने टायरचे तुकडे सुचवले. गोल स्प्रिंगवाल्यांसाठी वेटोळ्यांत बसवायचे रबरी गट्टे आणि हवेचे फुगे मिळतात. ते बऱ्यापैकी काम करतात, पण बसलेल्या स्प्रिंगला उभं करत नाहीत, फक्त तिला पूर्ण झोपू देत नाहीत.

तिसऱ्याचा उपाय सगळ्यांत लोकप्रिय: ट्रकचा एक जाड पाटा मधे घालायचा. हा उपाय ऐकताना छाती भरून येते. पण पाट्याची जाडी दुप्पट केली की ताठरपणा आठपट होतो. बाकीचे पाटे मग सुट्टीवर जातात, सगळा धक्का त्या एकावर येतो आणि तिथून चेसीवर. वजन असताना गाडी ठीक चालते. रिकामी असताना मात्र गतिरोधकावरून उतरली की ड्रायव्हर सीटवर आणि त्याची टोपी छतावर.

चौथा उपाय ठोकून कमान मारण्याचा. हे काम पाटेवाल्याच्या दुकानात होतं, ऐरणीवर. दोन टेकूंच्या मधे पाटा उताणा ठेवायचा आणि घणाने टोकापासून मध्यापर्यंत ठोकत यायचं. ठण्ण ठण्ण आवाजाने आजूबाजूच्या दोन गल्ल्यांना कळतं की कोणाची तरी गाडी उभी राहणार. दिसायला काम फार सुंदर. संध्याकाळी गाडी तालात, मालक खूश, पैसे कमी. पण ठोक्याच्या खुणा पडतात त्या पाट्याच्या वरच्या अंगाला, आणि भार आला की नेमका तिकडेच ताण येतो. तडा तिथून सुरू होतो. भट्टीत लाल करून कमान मारली तर पुढे तेलात बुडवून बरोबर तापमानाला पुन्हा शेकावा लागतो. तो अंदाज चुकला तर पाटा काचेसारखा तुटतो किंवा महिनाभरात पुन्हा झोपतो. हे काम नीट करणारे कारागीर आहेत, पण त्यांचा पत्ता विचारायला गेलं की प्रत्येक जण स्वतःचाच सांगतो.

आमच्या मिस्त्रीने यातलं काहीच केलं नाही. घोडे लावून गाडी चेसीवर उचलली, नुसत्या जॅकवर नाही. गंजलेल्या यू-बोल्टवर डिझेल ओतून रात्रभर ठेवलं, तरी हलले नाहीत. मग गॅसने कापले. पाटे सुटे करून फरशीवर ओळीने मांडले. उजवीकडचा तिसरा पाटा सेंटर बोल्टच्या भोकाशी तुटलेला निघाला, जुनाच तडा, आतून काळा पडलेला. बाहेरून बघता कळलाच नसता, कारण वरच्या-खालच्या पाट्यांनी त्याला दोन्ही बाजूंनी धरून ठेवलं होतं; घरातल्या काही माणसांचंही असंच चाललेलं असतं. रबरी बुशांचा चुरा झालेला. जळकं ऑईल टाकून पाटे बोलायचे बंद होतात असा आपल्याकडे समज आहे. ते बंद होतात, पण तेच ऑईल ओघळून बुशाचं रबर खातं.

निर्णय झाला: दोन्ही बाजूंचे पूर्ण नवे संच, मूळ जाडीचे, वर कंपनीच्याच मापाचा एकेक हेल्पर पाटा. एकाच बाजूचा पाटा बदलायचा नाही, कारण मग नवी बाजू वर आणि जुनी खाली. यू-बोल्ट नवे, कारण जुना एकदा ताणला गेला की पुन्हा तेवढी पकड देत नाही. सेंटर बोल्ट, बुश, शॅकल नवे. शॅकलच्या बोल्टांची शेवटची आवळणी गाडी चाकांवर उतरवून, तिचं वजन पाट्यांवर आल्यावरच. हवेत लटकत असताना आवळलं तर बुशाचं रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. एवढ्यावर काम संपत नाही. काही गाड्यांत मागच्या एक्सलवरून एक दांडी ब्रेकच्या व्हॉल्व्हला गेलेली असते. मागची उंची बघून तो व्हॉल्व्ह ठरवतो की मागच्या चाकांना किती ब्रेक द्यायचा. गाडी वर उचलली आणि दांडी तशीच ठेवली, तर भरलेली गाडीही त्याला रिकामी वाटते आणि मागचा ब्रेक कमी पडतो. ती दांडी लावून घ्यायची, आणि लाईटही भिंतीसमोर गाडी उभी करून पुन्हा बसवून घ्यायचे. यातली शेवटची दोन कामं मिस्त्रीला आठवण दिल्याशिवाय होत नाहीत. आठवण दिली की तो म्हणतो, "तेच करून राह्यलो ना जी!"

गाडी घरी आली ती दुसऱ्या पंथात दीक्षा घेऊन. मागचा भाग असा वर, की अंगणात लावल्यावर ती शेजाऱ्याच्या कुंपणाला वाकून नमस्कार करते आहे असं वाटावं. आजीला चढता येईना. तिच्यासाठी पाट आणला. काकाजी पुढे बसले आणि म्हणाले की सगळं वजन आता आपल्या गुडघ्यांवर येतं. पाखरांचा त्रास मात्र संपला, आर्णी रोडवरचा ट्रकवाला न बोलता निघून गेला. मिस्त्रीला फोन केला. तो म्हणाला, "वजन टाका जी थोडं. नवे पाटे थोडे बसतातच."

हे वाक्य त्याने मला एकट्याला सांगितलं होतं. संध्याकाळपर्यंत ते सगळ्या नातेवाइकांत पोचलं. गाडीला वजन हवं आहे, डॉक्टरांनीच सांगितलं आहे, अशी बातमी झाली. मेहुण्याचा फोन आला, "भाऊजी, पाटे नवे केले म्हणे! मंग यंदा घाटंजीच्या लग्नाले आपलीच गाडी." मावशींचा आला. शेजारचे आले. आडव्या सीटची मापं बघून गेले. मधल्या काळात जी मंडळी काट्याच्या भीतीने बस धरत होती ती पुन्हा हक्काने मागच्या दाराशी उभी राहिली, कारण आता गाडी पक्की होती. हेल्पर पाटा घातला म्हणजे माणसांची परवानगी वाढली असं नसतं. गाडीच्या पुस्तकात बसणाऱ्यांचा जो आकडा छापला आहे तो पाटे बदलल्याने बदलत नाही, एक्सल तेच, ब्रेक तेच, टायर तेच. हे मी दोघांना सांगून बघितलं. दोघेही "बरोबर आहे" म्हणाले आणि सरकून तिसऱ्याला जागा केली.

तुमची गाडी पहिल्या पंथातली असेल तर शॉकप विकत घेण्याआधी तिला एकदा रिकामी आणि एकदा भरून काट्यावर न्या. पावती काकाजींच्या हाती देऊ नका. पाटे केले असतील, तर पाचशे किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्या, नवे असले तरी ते सैल होतात. मिस्त्री त्याचे पैसे घेत नाही. चहा मात्र तुम्हालाच पाजावा लागतो, आणि शेजारच्या तिघा मिस्त्रींनाही.